फय्याजच्या तापाचा दिवस

“माह्या भाषनाचा व्हिडिओ अर्धाच काहून टाकला तू?”

“किती खेपा सांगू फय्याज? पुढचं सारं माह्यंच होतं. माही तारीफ मीच माह्या हातानं गावभर वाटू? शोभते काय?”

“आन माह्यं शोभलं?”

“तुह्यं तं लोकाइले आवडलं. पाय न, खाली किती झनाईनं हात जोडले.”

“कोनं कोनं जोडले ते वाच.”

जगदेवनं मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक नाव वाचायला लागला. चारपाच नावं मोठ्यानं वाचली, मग आवाज खाली आला, मग नुसताच अंगठा सरकत राहिला. सगळी नावं त्याच्याच आळीतली, त्याच्याच नात्यागोत्यातली होती. मशिदीकडच्या एकानंही हात जोडले नव्हते.

“मोहल्ल्यात पोचलाच नसन अजून,” तो म्हणाला.

“सकाळीच पोचला. दुधाच्या आधी.”

कामरगावात बस थांबते तिथून जरा आत जगदेवचं घर आहे. पुढे टिनाचं छप्पर, छपराखाली प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. फौजेतून परतल्यापासून रोज संध्याकाळी फय्याज आणि जगदेव त्या खुर्च्यांवर बसतात. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, दोघंही ड्रायव्हर, नोकरीची बरीच वर्षं एकाच तुकडीत काढलेली, आणि दोघंही हवालदार होऊन परतलेले. जगदेव परतला तेव्हा गावानं त्याला उघड्या जीपमधून मिरवलं होतं. डीजे होता, गुलाल होता, बायकोनं, पंचफुलानं, ओवाळताना ताट हलत होतं असं अजून लोक सांगतात. फय्याज त्याच्यानंतर काही महिन्यांनी एसटीनं आला. त्याची ट्रंक जगदेवनं डोक्यावर घेऊन घरापर्यंत नेली. तू कधी येतं ते सांगतलंच नाई बाप्पा, म्हणून चौकातल्या चौघांनी हळहळ केली. तारीख जगदेवनं ग्रामपंचायतीत स्वतः जाऊन सांगितली होती. फय्याजला ते माहीत होतं. जगदेवला वाटत होतं, त्याला माहीत नाही.

आज पंचफुलानं चहा ठेवला त्याला बराच वेळ झाला होता. कपांवर साय धरली होती.

भांडण होतं ते सव्वीस जानेवारीच्या भाषणावरून. दर वर्षी शाळेच्या झेंडावंदनाला माजी सैनिक पुढच्या रांगेत बसतात आणि दर वर्षी जगदेव बोलतो. या वर्षी त्यानं मुख्याध्यापकांकडे हट्ट धरला की फय्याजच बोलेल, नाही तर आपणही येत नाही. फय्याजनं आठ-पंधरा दिवस तयारी केली. तो एका शाळेची व्हॅन चालवतो. पोरं उतरून गेली की रिकाम्या सीटांपुढे तो भाषणाची तालीम करायचा, आरशात बघून हात कुठे ठेवायचे ते ठरवायचा. घरी बायको, शाहजादी, हसायची. एवढ्या मनावर घेऊ नका, पोरांना बिस्किटं हवी असतात, भाषण नाही, असं तिचं म्हणणं. पण फय्याजला पोरांसाठी बोलायचंच नव्हतं. त्याला त्यांच्या बापांशी बोलायचं होतं. तेही तहसीनसाठी.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

निवृत्त होऊन आला तेव्हा फय्याजच्या डोक्यात एकच गोष्ट होती, मोहल्ल्यातली पोरं फौजेत गेली पाहिजेत. त्याच्या स्वतःच्या पोरानं, अरीबनं, आधीच हात झटकले होते आणि अमरावतीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. तेव्हा दुसऱ्यांची पोरं शोधणं आलं. तो जुम्म्याच्या नमाजनंतर बाहेर थांबायचा, चपला घालणाऱ्या बापांना गाठायचा. ते म्हणायचे, भाईजान, आपल्याला तिथं घेत नाहीत. मग तो माजी सैनिकांच्या बैठकीत जायचा आणि विचारायचा की भरतीची माहिती देणारं शिबिर मानोऱ्याच्या तांड्यांवर होतं, आपल्या मोठ्या शाळेत होतं, ते उर्दू शाळेत का होत नाही. तिथले म्हणायचे, हवालदारसाहेब, तुमचे येत नाहीत. इकडे ‘घेत नाहीत’ आणि तिकडे ‘येत नाहीत’. या दोन वाक्यांच्या मध्ये फय्याज वर्षानुवर्षं व्हॅनसारखा खेपा घालत राहिला. एकदा बैठकीत कोणीतरी हसत म्हणालं होतं की तुम्ही गेलात तेवढं पुरे नाही का. सगळे हसले. तोही हसला. हसण्याची त्याला सवय होती.

शेवटी त्यानं बोलणं सोडलं आणि बाजाराच्या पटांगणावर पहाटेचं ग्राऊंड सुरू केलं. धावणं, उड्या, लोंबकळणं. तांड्यावरची पोरं आली. जगदेवची पोरगी वैष्णवी आली. आणि मोहल्ल्यातून, कित्येक महिन्यांनी, एकच जण आलं. तेही पोरगा नाही, गादीवाल्या फुरकानची तहसीन. सलवारीवर भावाचं जॅकेट घालून ती पटांगणाच्या कडेला उभी राहिली आणि म्हणाली, “चाचा, मी दुरूनच पायते.” तिसऱ्या दिवशी ती वैष्णवीच्या पुढे धावत होती.

लष्करी पोलिसात मुली घेतात. दोघींनी फॉर्म भरला, दोघी लेखी पास झाल्या. मैदानी चाचणी पुण्याला, येत्या आठवड्यात. तहसीन पास झाल्याचं कळलं तशी मोहल्ल्यातली आणखी चार पोरं ग्राऊंडवर यायला लागली. फुरकाननं स्वतः कारंज्याला जाऊन पोरीला बूट आणले. पुण्याला मी घेऊन जातो, म्हणाला. फय्याज त्या दिवशी घरी येऊन इतका बडबडत होता की शाहजादीनं विचारलं, तब्येत ठीक आहे ना.

तब्येतीवरून त्याची एक बढाई होती. ग्राऊंडवर कोणी पोटात दुखतं म्हणून बसलं की तो हमखास सांगायचा की बावीस वर्षांत एक दिवसही मी आजारी म्हणून ड्यूटी चुकवली नाही. पोरांना पाठ झालं होतं. वैष्णवी त्याची नक्कल करायची.

खरंही होतं ते. आणि तरी एक दिवस होता.

फय्याज दारूगोळ्याची गाडी चालवायचा. डोंगरातली वाट, एका बाजूला दरी, मागे ते सामान. भरवशाच्याच माणसाला ती गाडी देतात, आणि ती त्याच्याकडे होती याचा त्याला भारी अभिमान होता. मग एकदा सीमेवर मोठा हल्ला झाला. आपले लोक गेले. चौकीवर जेवणाच्या रांगेतसुद्धा कोणी बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फय्याज चावी घ्यायला गेला, तर सुभेदारसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माणूस चांगला होता. ईदला त्याच्यासोबत बसून जेवणारा. तो म्हणाला, “आज तू आराम कर, फय्याज. गाडी जगदेव ले जाएगा.”

“साहब, मैं ठीक हूँ.”

“मालूम है. फिर भी.”

एवढंच. जगदेवला सांगण्यात आलं की फय्याजला ताप आहे. संध्याकाळी गाडी परत आणून जगदेव तसाच, बूटही न काढता, दवाखान्याच्या तंबूतून तापाची गोळी घेऊन आला. पाण्याचा मग पुढे करून समोर उभा राहिला. फय्याजनं गोळी गिळली. पुढच्या दिवशी चावी त्याला परत मिळाली, आणि मग नोकरी संपेपर्यंत रोज मिळत राहिली. त्या दिवसाबद्दल कोणी कधी काही बोललं नाही. त्यानंही जगदेवला सांगितलं नाही, शाहजादीला सांगितलं नाही. त्या ‘फिर भी’चं काय करायचं ते त्याला कळलं नाही, म्हणून त्यानं ते ठेवून दिलं.

तर भाषण. भाषणात त्यानं ‘फिर भी’ घेतलं नव्हतं. त्यानं दुसरा प्रसंग निवडला होता, आणि त्याला वाटत होतं की यापेक्षा चांगला प्रसंग असूच शकत नाही.

बर्फातल्या एका चौकीवर एकाच छपराखाली सगळ्यांचा देव असतो. मूर्ती आहे, कुराण आहे, ग्रंथसाहेब आहे. एका हिवाळ्यात पंडितजी सुट्टीवर गेले आणि रस्ता बंद झाला. संध्याकाळची आरती चुकवायची नाही असा तिथला रिवाज, आणि आठवडाभर त्या जागेची जबाबदारी फय्याजकडे. तेव्हा त्यानं दिवा लावला, ताट धरलं, बाकीच्यांनी म्हटलं. हा पहिला अर्धा भाग. दुसरा अर्धा असा की त्याच रस्ताबंदीत रमजान सुरू झाला, आणि जगदेव नावाचा एक माणूस रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, बोटं वाकत नाहीत अशा थंडीत स्टोव्ह पेटवायचा, फय्याजच्या सहरीच्या, म्हणजे रोजाआधीच्या, पोळ्या गरम करायचा. नमाजपुरता बर्फ फावड्यानं काढून ठेवायचा. आणि दिवसा त्याच्यासमोर पाणीही प्यायचा नाही, खांबाआड जाऊन प्यायचा.

शाळेच्या पटांगणावर पहिला भाग संपला तेव्हा टाळ्या वाजल्या. फय्याज दुसऱ्या भागाकडे वळला, जगदेवचं नाव आलं, आणि पुढच्या रांगेत शूटिंग करणाऱ्या जगदेवचे डोळे भरून आले. त्यानं मोबाईल खाली ठेवला, उपरण्यानं तोंड पुसलं, आणि आपलीच तारीफ म्हणून मोबाईल पुन्हा उचललाच नाही. दुसरा भाग ज्यांनी ऐकला त्यांनीच ऐकला. मोहल्ल्यातले बाप मागे कुंपणाजवळ उभे होते, आणि तिथपर्यंत भोंग्याचा आवाज नीट जात नव्हता.

रात्री जगदेवनं जेवढं होतं तेवढं गावाच्या ग्रुपवर टाकलं. मनापासून टाकलं. खाली कोणीतरी लिहिलं, मुसलमान असावा तर असा. मग ते वाक्य व्हिडिओच्या वर चढलं आणि व्हिडिओ त्या वाक्यासकट फिरायला लागला. मोहल्ल्यात सकाळी सगळ्यांनी एकच पाहिलं, फौजेत गेलं की काय करावं लागतं ते. पहाटेच्या ग्राऊंडवर तांड्यावरची पोरं होती, वैष्णवी होती. चार पोरं नव्हती. तहसीन नव्हती. दुपारी फुरकानचा निरोप आला की पोरगी पुण्याला जाणार नाही.

“चाल,” जगदेव खुर्चीतून उठला. “मी सांगतो फुरकानले. दुसरं अर्धं मी माह्या तोंडानं सांगतो, मंग तं झालं?”

“तुले तं शोभत नव्हतं न?”

“नाई शोभत. तरी सांगतो. चाल.”

वाटेत जगदेव काय काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत होता. फय्याज नुसता चालत होता. मोहल्ल्यात शिरल्यावर पानटपरीवरच्या दोघांनी सलाम केला, पण नेहमीसारखं थांबवलं नाही.

फुरकानचं गादीघर म्हणजे एक लांबट खोली. कापूस पिंजायचं यंत्र, भिंतीला गुंडाळून लावलेल्या गाद्या, आणि सगळ्यावर कापसाचं पांढरं. फुरकानच्या भुवयांवरही. त्यानं यंत्र बंद केलं तरी तंतू बराच वेळ हवेत तरंगत राहिले. मागे जमिनीवर तहसीन मोठी सुई घेऊन गादीला टाके घालत होती. तिनं मान वर केली नाही. नवे बूट खोक्यात घालून फळीवर ठेवले होते. एरवी हे लोक आपसात उर्दू बोलतात, पण जगदेव होता म्हणून बोलणं वऱ्हाडीत झालं.

फुरकाननं दोघांना गादीवर बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांनी काही म्हणायच्या आत स्वतःच सुरुवात केली. आरतीचं आपल्याला काही वाटलं नाही, तो म्हणाला. देवीच्या मंडळाला दर वर्षी याच दुकानातून गाद्या जातात, उधार जातात, कधी विचार आला नाही. मोहल्ला चार दिवस बोलेल आणि गप्प होईल, तेही आपण पाहून घेऊ.

“मंग अडते कुठं?” जगदेवनं विचारलं.

“ते वर लिहून हाये न, जगदेवभाऊ. असावा तं असा. असा म्हंजे कसा? आन बाकीचे कसे? फय्याजभाई बावीस वर्ष राह्यले, तवा कुठं लोकाइनं म्हटलं, हा चांगला. माही पोरगी उद्या जाईन, तिले पहिल्या दिवसापासून रोज चांगलं होऊन दाखवा लागन काय? वैष्णवीले नाई लागत.”

जगदेवनं मग त्याच्याजवळ होतं ते काढलं. सहरी, स्टोव्ह, फावडं, खांबाआडचं पाणी, सगळं सांगितलं. स्वतःचं कौतुक स्वतःच करायचं म्हणून मान खाली घालून, गादीवरचा कापूस चिमटीनं उचलत, अडखळत सांगितलं. सांगताना तो पुन्हा रडला. फुरकान ऐकत होता. मध्ये एकदा त्यानं चष्मा काढून पुसला. तहसीनची सुई हळू झाली होती.

“हे का नाई टाकलं भाऊ तुमी?” फुरकान म्हणाला.

“चुकलं. कान धरतो.”

फुरकान उठला, फळीवरच्या खोक्याकडे गेला, ते थोडं सरळ केलं, परत आला. त्यानं विचारलं ते फय्याजबद्दल, पण जगदेवकडे बघत.

“एकच सांगा. तिथं याइच्यावर कोनं शक घेतला होता काय? कधी? नाई, तं नाई म्हना. मी उद्या सकाळीच तिकीट काढतो.”

मागे सुई थांबली.

फय्याजनं तोंड उघडलंही असेल, पण जगदेवनं त्याला बोलू दिलं नाही. एवढं सोपं विचारल्याचा त्याला केवढा आनंद झाला होता. “शक? याच्यावर? अबे फुरकान, दारूगोळ्याची गाडी याच्याजवळ होती. पाहिजे त्याले देत नाईत ती. रोज सकाळी चावी याच्याच हातात. नोकरी सरेपर्यंत. इचार त्याले.”

“रोज?”

“रोज म्हंजे रोज. एकच दिवस मी नेली, तो हल्ला झालता न, त्याच्या दुसऱ्या दिवशी. ते बी याले ताप होता म्हनून. मी सोता गोळी आनून देल्ली, माह्या समोर खाल्ली यानं. असे राह्यलो आमी तिथं. असं राह्यते तिथं.”

फुरकाननं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. तिकिटाचं काही विचारायला तो जगदेवकडे वळला. आरक्षण मिळेल का असलंच काहीतरी.

“चाचा.”

तहसीन गादीमागून उठून उभी राहिली होती. सुई बोटांत, दोरा लोंबत, दोन्ही कोपरांपर्यंत कापूस. आवाज ग्राऊंडवर वेळ विचारताना असायचा तसाच होता, साधा.

“चाचा, तुमी तं म्हनता, बावीस वर्षात तुमी एक दिवस बी बिमार नाई पडले.”

जगदेव हसला. “बढाई मारते तो, बेटा. होता न ताप. मले सुभेदारसाहेबानंच सांगतलं.”

“तुमाले त्याईनं सांगतलं, काका,” ती म्हणाली. ती फय्याजकडेच बघत होती. “चाचा, त्या दिवशी तुमाले ताप होता काय?”

होता. एवढाच शब्द हवा होता. फळीवर खोकं होतं, फुरकानचा हात खिशातल्या मोबाईलवर होता, तिकीट काढायला. गोळी तर त्यानं खाल्लीच होती, एका साक्षीदारासमोर. फय्याजनं एकदा जगदेवकडे पाहिलं. जगदेव अजून हसत होता, मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्याच्या मागचा माणूस कुठेतरी मागे गेला, त्या डोंगरातल्या सकाळी, चावी हातात घेताना कोण काय म्हणालं होतं ते आठवत. त्याचे ओठ हलले. “फय्याज,” तो म्हणाला, “होता न?”

फय्याज गादीवर हात टेकून उठला. गुडघ्यावरचा कापूस त्यानं झटकला, तो सुटला नाही, पुन्हा झटकला. दाराशी चपला उलट्या पडल्या होत्या, त्या पायानंच सरळ करून त्यानं घातल्या. आणि मागे न बघता बाहेर पडला.